पुनानानांच्या बोटीवरचा दिवा

१

"सर, पुनानानांची बोट फुटली. नाना दवाखान्यात आहेत, अजून शुद्धीवर आले नाहीत. आणि फौजदार म्हणतात, माझ्यामुळे झालं."

मोनालीचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. बत्तीस वर्षं आयटीआयमध्ये पोरं शिकवली मी, अभिमन तायडेनं. पुढे बसून माना डोलावणारे आणि बाहेर जाऊन फ्यूजमध्ये खिळा घालणारे शेकडो पाहिले. पण ही पोरगी म्हणजे सोनं. एक जोड तीनदा ओढून बघायची. शंका आली की रात्र बघायची नाही, दिवस बघायची नाही, मला विचारायची. डिसेंबरात माझ्या लेकीच्या, साक्षीच्या हळदीत ढोल वाजत होता, तेव्हासुद्धा फोनवर हिचा निरोप आलाच. कसला तरी नकाशा पाठवला होता. मी काहीतरी बोलून पाठवलं आणि परत पाहुण्यांत गेलो. अशी ही पोरगी कामात ढिलाई करेल? शक्यच नाही.

"रडू नको. नीट सांग," मी म्हटलं.

तिनं सांगितलं ते असं. तापीवरच्या धरणाच्या फुगवट्याच्या काठाला काकरघाट नावाचं गाव आहे. तिथल्या मच्छीमार सोसायटीच्या अकरा बोटींवर मोनालीनं दिवे बसवले होते. बोटीच्या मागे लहान पेट्रोल मोटार असते. तिच्या फिरणाऱ्या चाकाखाली कॉईल असते, चाक फिरलं की वीज तयार होते. तीच वीज दिव्याला दिली, म्हणजे पहाटे जाळी काढायला निघालेली बोट समोरच्याला दिसावी. काल पहाटे पुनानाना निघाले आणि भर पाण्यात राकेशची मोठी बोट त्यांच्यावर आदळली. पलीकडून कापूस वेचायला येणारे अठरा मजूर तिच्यात होते. अठराच्या अठरा जण सांगत होते की म्हाताऱ्याच्या बोटीवर दिवा नव्हता.

"फौजदार म्हणतात, जोड सैल होता, दिवा मधेच गेला. चार वाजता येऊन माझं नाव लिहिणार आहेत. सर, माझं लायसन्स जाईल."

लायसन्स गेलं की तिचं दुकान गेलं. बाप अंथरुणावर, घरात कमावती ती एकटी. मी घड्याळात बघितलं तर साडेनऊ वाजले होते. रक्तदाबाची गोळी तशीच कोरडी गिळली आणि गाडीला किक मारली.

२

पुनानानांची बोट घाटावर ओढून ठेवली होती. एका बाजूच्या फळ्या आत गेल्या होत्या आणि तळाशी अजून पाणी होतं. मोटार मात्र धड होती. सोसायटीच्या आधारनं ती कालच खोलून वाळवली होती. हा आधार पन्नाशीचा, पुनानानांच्या शेजारचा, स्वतःही बोटवाला.

"चालू होते का?" मी विचारलं.

आधारनं दोरी ओढली. पहिल्याच झटक्यात मोटार सुरू झाली. आणि पाइपाच्या टोकावरचा तो पांढरा दिवा लागला की हो! भर उन्हात डोळ्यांवर आला. मोनाली माझ्या बाजूला उभी होती. तिच्या चेहऱ्यावर जरासुद्धा आनंद दिसला नाही, याचंच मला नवल वाटलं.

मी चष्मा पुसला आणि कामाला लागलो. दिव्यापासून मोटारीपर्यंत वायर हातानं चाचपत गेलो. प्रत्येक जोड सोल्डर केलेला, वर नळी चढवलेली, टोकं मेणानं बंद केलेली. ओढलं, पिळलं, हलवलं. मोटारीला ठोसे मारले. दिवा डोळासुद्धा मिचकावत नव्हता. बटण सापडलं तेव्हा चालू बाजूलाच होतं, असं आधारनं शपथेवर सांगितलं. म्हणजे नानांनी दिवा बंद केलेला नव्हता.

"नानांची मोटार अधूनमधून दगा द्यायची का?"

"कधीच नही, सर. नाना लेकरूगत जपे तिले. टाकीबी निम्मी भरेल व्हती."

वा रे वा! जोड पक्का, बटण चालू, मोटार ठणठणीत. आणि तरी अठरा माणसं म्हणतात दिवा नव्हता. अठराजण एकदम खोटं बोलत असतील, नाहीतर दिवा खरंच गेला असेल. आणि या दिव्याला जायला मला तरी काही कारण सापडत नव्हतं. मी मोनालीकडे वळलो.

"तू काही लपवत तर नाहीस ना?"

तिनं मान खाली घातली. "नाही, सर."

बत्तीस वर्षांत 'नाही सर' इतक्या वेळा ऐकलंय की खोटं कुठलं ते मला कानानं कळतं. हे खोटं होतं.

३

नानांची बायको कलाबाई ओट्यावर बसली होती. पोरगा नानांजवळ दवाखान्यात होता, ही घर सांभाळत होती. मी दिसताच तिनं डोक्यावरचा पदर सावरला आणि एकदम सुरूच झाली.

"मी सोता देखं, भाऊ! घाटवर उभी व्हतू मी. लाईट चालू व्हता. पार लांब जाईपावत दिखे. मंग मी घरमा गऊ, भाकरी टाकाले. आन आते लोक काय बोलतस? म्हने, नाना लाईट बंद करीसन चोरून जाळं टाके!"

"असं कोण म्हणतं?"

"बठ्ठा गाव म्हनस!"

त्या अफवेचा उगम शोधायला वेळ लागला नाही. राकेशच्या बोटीत पुढे बसलेली सोनीबाई पावरा घाटाजवळच्या शेतातच कापूस वेचत होती. सातपुड्याच्या पायथ्याची बाई, जेवढं विचारलं तेवढंच बोलणारी.

"दिवा नव्हता," ती म्हणाली. "काळं होतं. मग आमच्या बोटीचा उजेड पडला. म्हातारा दिसला. वाकला होता. पाण्यात हात होता."

"पाण्यात हात? जाळं ओढत होता?"

"जाळं नाही पाहिलं. हात पाहिला." तिनं स्वतःचा तळवा पुढे करून दाखवला. "असा."

मी तसाच धावत बोटीकडे आलो. नानांचं जाळं बोटीच्या टोकाला अडकलेलं मिळालं होतं. बोट उलटूनही ते सुतळीनं करकचून बांधलेलंच होतं, आणि गाठ कालची नव्हे, आधीची, घट्ट आवळून बसलेली. म्हणजे त्या पहाटे जाळं सुटलंच नव्हतं. मग कडाक्याच्या थंडीत, भर पाण्यात, काळोखात म्हातारा हात घालून करत काय होता?

साडेबारा वाजले होते. दवाखान्यातून काही खबर नव्हती. मोनाली झाडाखाली बसून एकाच जागी माती उकरत होती.

४

राकेशला फौजदारानं सोसायटीच्या कचेरीत बसवून ठेवलं होतं. पंचविशीचा पोरगा, डोळे तारवटलेले. बाहेर नानांचे भाऊबंद उभे होते आणि त्यांच्या नजरा काही बऱ्या नव्हत्या.

"दिवा नव्हता, सर. आईच्यान," तो लगेच म्हणाला.

"ते ऐकलं. लोक सांगतात, तू रोज उजाडल्यावर निघतोस. काल अर्धा तास आधी का निघालास?"

"शेतमालकानं सांगितलं, आज लवकर या. लवकर वेचणी संपवायची म्हणे."

"बरं. आता मी विचारतो त्याचं खरं उत्तर दे. आणि हे बघ, मी पोलीस नाही. माझी विद्यार्थिनी बुडतेय म्हणून आलोय. तुला दिवा एकदाही दिसला नाही? अगदी लांबूनसुद्धा नाही?"

त्याची नजर दाराबाहेर उभ्या भाऊबंदांकडे गेली. मी दार लोटून घेतलं.

"बोल रे बाबा. तू गप्प बसलास तर ती पोरगी जाते. ती सुटली तर तू जातोस. खरं काय ते सांग, मग बघू कोण कुठे जातं."

"दिसला होता," तो अगदी हळू म्हणाला. "निघालो तेव्हा लांब एक दिवा दिसला होता. समोरून येत होता. मग मधेच गेला. गपकन. मला वाटलं, बोट वळली, नाहीतर काठाला लागली. मी तसाच पुढे गेलो. हे सांगितलं तर म्हणतील, बोट आहे हे माहीत होतं तरी घातली. म्हणून नाही सांगितलं, सर." आणि तो रडायलाच लागला.

"मंद होत गेला, का लुकलुकला?"

"नाही. होता, आणि मग नाही."

सैल जोड असा जात नाही. सैल जोड आधी लुकलुकतो, येतो, जातो, नखरे करतो. गपकन जातो तो वीज देणाऱ्यानंच देणं थांबवलं तर. पण वीज देत होती मोटार, आणि ती तर ठणठणीत होती.

मी बाहेर आलो. "आधारभाऊ, तुमच्या बोटीला हाच दिवा आहे ना? दिवा लावा आणि मला नेमकं तिथे घेऊन चला."

५

पावणेदोनला आम्ही निघालो. आधार मागे मोटारीशी, मी मधे, मोनाली पुढे. दिवा माझ्या डोक्यावर पाइपाला लागलेला होता. मी मान वर करून त्याच्याकडेच बघत होतो, इतका की मान आखडली. पाणी गार होतं आणि शिंतोडे अंगावर येत होते. मला पोहता येत नाही, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

काठ मागे राहिला. घाटावरचं झाड बोटाएवढं दिसायला लागलं. दिवा मजेत जळत होता.

आणि एकाएकी मोटार बंद झाली.

"काय झालं?" मी दोन्ही हातांनी बोटीची कड धरली. "पेट्रोल संपलं काय हो?"

"काही नही व्हयनं, सर." आधार शांत होता. बोट आपल्या वेगानं नुसती सरकत होती. "आई शे आठे. खाले."

"कोण आई?"

"आमनं जुनं गाव शे ना खाले. धरणमा गयं. तठे आईनं देऊळ शे. तिना वरतीन जाताना मोटारना आवाज नही करतस आम्ही. बंद करतस, पाणी देतस, मंग जातस." तो कडेला वाकला, ओंजळीत पाणी घेतलं, डोळे मिटले आणि पाणी परत पाण्यात सोडलं.

वाकलेला माणूस. पाण्यात हात. सोनीबाईनं दाखवला होता तसाच तळवा.

मी मान वर केली. दिवा विझला होता.

मोटार बंद, म्हणून कॉईल बंद, म्हणून दिवा बंद. इतकी साधी गोष्ट! एवढ्या साध्या गोष्टीसाठी एक म्हातारा दवाखान्यात पडला होता. नानांनी आईपाशी मोटार बंद केली, दिवा गेला, आणि ते अंधारात डोळे मिटून वाकले. समोरून येणाऱ्या राकेशला वाटलं, बोट काठाला लागली. कोणी चोरी केली नव्हती, कोणी खोटं बोललं नव्हतं. बठ्ठे खरं बोलत होते.

"आधारभाऊ, हे तुम्ही सकाळी का नाही सांगितलं मला?"

त्याला माझा प्रश्नच कळला नाही. "काय सांगाचं त्यामा, सर? बठ्ठा जुना लोक करतस. आन तुम्ही कोठे इचारं?"

"आणि दिवा जातो, हेही दिसत होतं ना तुम्हाला?"

"दिखे ना. आमले वाटे, हाऊ लाईट असाच राहस."

मी पुढे बघितलं. मोनाली आमच्याकडे पाठ करून बसली होती. तिचे खांदे हलत होते.

६

घाटावर उतरल्यावर मी तिला बाजूला घेतलं. तीन वाजत आले होते.

"तुला कधी कळलं?"

"काल रात्री. कलाबाई बोलता बोलता म्हणाल्या, आईपाशी रोज मोटार बंद करून पाणी देतात, तरी आईनं सांभाळलं नाही. तेव्हाच लक्षात आलं, सर."

"मग मला सांगायला काय झालं होतं? सकाळपासून मी बैलासारखा राबतोय इथे! आणि बॅटरी? एवढीशी बॅटरी मधे घातली असती तर मोटार बंद झाली तरी दिवा तासभर जळला असता. हे तुला सुचलं नाही? तुला?"

"माझी चूक झाली, सर. तुम्ही घरी जा आता. तुमची गोळीची वेळ झाली असेल."

हे काही मला पटेना. जोड तीनदा ओढून बघणारी पोरगी बॅटरी विसरते? "वही दाखव," मी म्हटलं.

"नको, सर."

"मोनाली, वही."

तिनं पिशवीतून वही काढली, पण हातातून सोडेना. मी ओढूनच घेतली. नकाशा सुबक होता. मोटार, कॉईल, वीज आवरणारी रेग्युलेटरची डबी, दिवा. आणि डबी आणि दिवा यांच्या मधोमध तिनं बॅटरी काढली होती. व्यवस्थित, मापासकट. मग त्या बॅटरीवर आडवी काट मारली होती. खाली तारीख होती, बारा डिसेंबर.

बारा डिसेंबर. साक्षीची हळद.

मी वही मिटली. "फोन दे तुझा."

"सर, नका ना. राहू द्या."

"दे म्हणतो ना!"

मी तेव्हा बोलून पाठवलेला निरोप तिनं पुसला नव्हता. लावला तर आधी ढोलच ऐकू आला, बायकांचा गलका, आणि मग माझा आवाज. तो आवाज मी बत्तीस वर्षं वर्गात वापरला होता. "अगं, बॅटरी कशाला? मोटार चालू तर दिवा चालू. मोटार बंद म्हणजे बोट काठाला. काठाला उभ्या बोटीला दिवा कोण लावतं? डोकं वापर जरा. काढून टाक ती बॅटरी."

पुढे मी हसलोसुद्धा होतो.

"सर, तुम्ही गडबडीत होता," मोनाली म्हणाली. "आणि काम मी केलंय, सही माझी आहे. मीच येऊन बघायला हवं होतं. तुमचं नाव मी घेणार नव्हते. घाबरून फोन केला मी, पण तुम्ही उगाच आलात."

उगाच आलो म्हणे! हा निरोप फौजदाराला ऐकवला असता तर ती कालच सुटली असती. तिनं तो लपवला, दिवसभर माझी बोलणी खाल्ली, आणि वर मला गोळीची आठवण केली. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. खरं सांगतो, एक क्षण असाही आला की वाटलं, फोन परत द्यावा आणि गाडीला किक मारावी. ते पुसलं तर कोणाला कळणार होतं? तेवढ्यात घाटाच्या वळणावर पोलिसांची गाडी दिसली.

७

फौजदार खुर्चीत बसले, कागद काढला. राकेश एका कोपऱ्यात, मोनाली दुसऱ्या. कलाबाईही येऊन दाराशी बसली होती.

मी क्रमानं सांगितलं. बांधलेलं जाळं, सोनीबाईला दिसलेला हात, राकेशनं पाहिलेला आणि गपकन गेलेला दिवा, आईचं देऊळ, बंद मोटार. आधारनं मान हलवून साक्ष दिली. फौजदार ऐकत गेले, लिहीत गेले.

"म्हणजे बॅटरी घातली असती तर हे झालं नसतं?"

"नसतं झालं."

"मग चूक या बाईंचीच." त्यांनी पेन मोनालीकडे केलं.

"नाही," मी म्हटलं आणि फोन टेबलावर ठेवून तो निरोप लावला. कचेरीत ढोल वाजला. माझा आवाज आला. 'डोकं वापर जरा' ऐकताना मी जमिनीकडे बघत होतो. मागे कलाबाईंचा उसासा ऐकू आला.

"लिहा," मी म्हटलं. "अभिमन तायडे, वय त्रेसष्ट, निवृत्त निदेशक. हिनं बॅटरी घातली होती, मी काढायला लावली. हिनं विचारलं होतं. मी कोणाला विचारलं नाही."

फौजदारांनी पेन थांबवलं. "सर, विचार करून बोला. कागदावर गेलं की परत येत नाही."

"म्हणूनच म्हणतो, लिहा."

त्यांनी लिहिलं, मी सही केली. आत्तापर्यंत हजार पोरांच्या जर्नलवर सही केली असेल, पण स्वतःच्या चुकीवर ही पहिलीच. बाहेर आलो तर कलाबाई समोर उभी. वाटलं, आता ही शिव्या देईल, आणि द्यायलाच हव्या होत्या.

"भाऊ," ती म्हणाली, "तुमले कोनी सांगं नही का, आईपाशी थांबतस म्हनीसन?"

"नाही, अक्का. मी विचारलंच नाही."

तिनं पदर सावरला आणि घराकडे वळली. शिव्या परवडल्या असत्या.

तिसऱ्या दिवशी नाना शुद्धीवर आले. पोराला पहिला प्रश्न विचारला तो मोटारीचा, भिजली का म्हणून. माझ्या केसचं काय व्हायचं ते होईल, तारीख पुढच्या महिन्यात आहे. मधल्या काळात मोनालीनं आणि मी अकराही बोटींना बॅटऱ्या बसवल्या. ती सांगत होती, मी वायर सोलून देत होतो.

शेवटची बोट आधारची. संध्याकाळी उजेड जाता जाता आम्ही ती पाण्यात घातली. जुन्या गावावर आल्यावर आधारनं मोटार बंद केली. एकदम सगळं शांत झालं. तो वाकला, त्यानं ओंजळ भरली. मोनालीनंही हात पाण्यात घातला.

मी देवाधर्माचा माणूस नाही. मी हात जोडले नाहीत. मी मान वर करून दिव्याकडे बघत राहिलो. दिवा जळत होता. आधारचं पाणी देऊन झालं, त्यानं परत दोरी ओढली, तरी मी बघतच होतो.